शुद्धीवर आल्यावर वाच

दि. ९, सोमवार

लाडक्या ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. ऑपरेशन छान झालं, असं डॉक्टर आत्ताच सांगून गेले. हे पत्र नर्सबाईंकडे देऊन मी ऑफिसला पळतेय. तू शुद्धीवर आलीस की त्या देतील. ढब्बू हे नाव आता वर्षभरच पुरेल हं!

फोनवर, जिन्यात, अगदी काल सही करतानाही तू विचारलंस, "ताई, तू केलंयस ना हे ऑपरेशन, त्रास नाही ना गं होत?" मी म्हटलं, छे गं, पिसासारखं हलकं वाटतं. त्यातलं खरं ते आधी सांगते. माझी साखर उतरली, गुडघे गप्प झाले, जिना चढताना धाप लागत नाही.

आता उरलेलं. चार घास झाले की पाचवा उलटून येतो. केस मुठीमुठीने गेले. दंडाची कातडी लोंबते, म्हणून उन्हाळ्यातही लांब बाह्या. ऑफिसात आधी कौतुकच कौतुक. मग जेवायच्या सुट्टीत मला हाक मारणंच बंद झालं. माझ्यासमोर खायला बायकांना चोरट्यासारखं होतं म्हणे.

आणि हे? हे घरी उभ्याउभ्याच जेवून घेतात. रविवारी मात्र मेहुणीचा नळ बघायला तुझ्याकडे. किती गं गळतो तुझा नळ! गेल्या उन्हाळ्यात मी मागोमाग आले होते. दार उघडंच होतं. तुम्ही दोघं समोरासमोर ताटं घेऊन खिदळत होतात. हे म्हणाले, "तुझ्या ताईसमोर घास उतरत नाही. पोटभर जेवतो ते इथेच." तू भरल्या तोंडाने म्हणालीस, "मग रोज या ना, भावजी."

तुझ्या मनात पाप नव्हतं, माहीत आहे मला. असतं तर झिंज्या उपटून मोकळी झाले असते. तुम्ही नुसते जेवत होतात, आणि तेच मला सोसवलं नाही. त्याच संध्याकाळी मी तुला या डॉक्टरांचा नंबर दिला. तुझं वजन तुला कधी टोचलं नव्हतं गं. मी टोचत राहिले.

कापलेलं पोट परत जोडून मिळत नाही, हे तेवढं सांगायचं राहून गेलं.

यांना मी काहीच बोललेले नाही. तू कामासाठी बाहेरगावी आहेस, एवढंच त्यांना ठाऊक. घरी गेलीस की एखाद्या रविवारी येतील, भुकेलेच येतील. हात आखडू नकोस, भरभरून वाढ. आणि समोर बस.

आता अगदी तुझ्यासारखीच,
ताई