आत्ती, मिरजेच्या इंजेक्शननं फरक पडला होता का?

प्रिय आत्ती,

बरं हाय, बरं हाय, बरं हाय! दुसरा शब्दच नव्हता का हो तुमच्या तोंडात? कंबर कशी हाय, बरं हाय. पाय कसा हाय, बरं हाय. छातीत कळ आली त्या दिवशी जीपमध्ये माझ्या मांडीवर डोकं होतं तुमचं, चोळी घामानं भिजलेली, आणि तुमच्या लेकानं पुढच्या सीटवरून वळून विचारलं तर त्यालासुद्धा तेच. तासगाव यायच्या आधी गेलात. सून म्हणून मी तुमच्याशी लय भांडले, पण ते भांडण राहूनच गेलं. ते आज करते.

पालथी पडून लिहिते आहे. छातीखाली उशी, पुढं कागद. बसून लिहायची सोय राहिली नाही. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर, त्यात असं पडून. तुम्हाला तर तेही वाचता येत नव्हतं. तिकडं मामंजी आहेत, त्यांच्याकडून वाचून घ्या. मधल्या शिव्या ते गाळतील, त्यांचा स्वभावच तसा.

तर आत्ती, तुमचं दुखणं आता माझ्याकडं आलं. तेच. कमरेतून निघतं, कुल्ल्यातून मांडीच्या मागनं पोटरीत उतरतं आणि टाचेला जाऊन बसतं. बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसले की अर्ध्या तासात डावा पाय माझा नसल्यासारखा होतो. दिवाळीपासून शेडवर जायचं बंद केलं. घरातलं उभ्यानं होतं तेवढं करते. आणि मी काही तुमच्यासारखी गप्प नाही. मी रोज सांगते, दुखतंय, दुखतंय. त्याचा उपयोग काय झाला माहीत आहे? तुम्ही बरं म्हणत होता म्हणून कुणी ऐकलं नाही, आणि मी रोज दुखतंय म्हणते म्हणून कुणी ऐकत नाही. तुमचा लेक जेवता जेवता नुसता "हं" करतो.

शेवटी रूपालीनं फोनवर बापाला झापलं, तेव्हा काल मिरजेला गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान, पण माणसाकडं बघून बोलणारी. मी माझ्या मणक्याच्या फोटोचा रिपोर्ट तिच्यापुढं टाकला आणि म्हणाले, बाई, ह्यातला एकेक शब्द मराठीत सांगा, समजल्याशिवाय मी उठणार नाही. तसंही मला पटकन उठता येत नाही. ती हसली आणि तिनं खरंच सांगितलं.

आत्ती, आपण लय मोठी चूक केली. तो गॅप आठवतो? तासगावच्या डॉक्टरनं तुमचा फोटो बघून "मणक्यात गॅप आहे" म्हटलं, आणि आपल्याला वाटलं हाडं एकमेकांपासून लांब गेली, मधे फट पडली. मग ती फट मिटवायची म्हणून तुमचं जुनं लुगडं फाडून पट्टा केला. तुम्ही खांबाला धरून उभ्या, मी उंबऱ्याला पाय लावून पट्टा ओढतेय, आणि तुमचं आपलं, "आवळ अजून. जेवली न्हाईस का?" तुम्हाला श्वास घेता येईना तरी आवळ म्हणायच्या.

उलटं आहे हो सगळं! दोन मणक्यांच्या मधे गादी असते. तेवढी जागा तिथं असायलाच पाहिजे. ती गादी झिजून चपटी झाली, म्हणजे जागा कमी झाली, तर त्याला लोक गॅप म्हणतात. फट पडलीच नव्हती. होती ती जागा बुजत आली होती, आणि आपण दोघी मिळून ती आवळत होतो. बाई म्हणाली, पट्ट्यानं तसं हाड सरकत नाही, घाबरू नका, पण दिवसरात्र आवळून, न हलता पडून राहायची गरज नव्हती. जमेल तेवढं चालायला पाहिजे होतं.

तुमच्या लेकाला मात्र लगेच कळलं. कुपवाडच्या कारखान्यात वीस वर्षं मशिनीवर गेली. म्हणाला, "म्हंजे मधलं पॅकिंग बसलं म्हना की. बदलत न्हाईत का?" डॉक्टरीणबाई म्हणाली, माणसाला बदलायची वेळ फार थोड्यांवर येते, तुमच्या मिसेसवर आलेली नाही. ह्याचं तोंड उतरलं. पार्ट मिळत नसल्यासारखं.

सायटिका म्हणजे रोग नाही म्हणे. कमरेतून पायात जाणारी मोठी नस आहे, ती दबली की ओरडते, त्या ओरडण्याचं ते नाव. दाबणारा वेगळाच असतो. आपण तिला बाई करून टाकलं होतं. सकाळी तुमचा पाय ओढताना दिसला की मी विचारायची, सायटी आली का? आणि तुम्ही म्हणायच्या, "आली बाय, च्या टाक तिला बी." माझ्या रिपोर्टात अजून एक शब्द आहे, स्टेनोसिस. नस जाते ती वाट अरुंद झाली. ते मला पटकन समजलं. ठिबकच्या नळीत क्षार धरतो तसं.

आणि डॉक्टरनं तुमच्या कागदावर लिहिलेलं ते क्रॉनिक. देवा! शेजारच्या मंगलनं सांगितलं होतं की क्रॉनिक म्हणजे शेवटलं, आता काही राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पेटी उघडलीत, दोन्ही लेकींना बोलावून घेतलंत आणि सगळी लुगडी वाटलीत. त्या दोघी रडत घेऊन गेल्या. मला ते हिरवं, कड उसवलेलं दिलंत, ते मी विसरलेली नाही. त्यानंतर तुम्ही चांगल्या तीन वर्षं जगलात आणि प्रत्येक सणाला तुम्हाला नेसायला माझी पेटी उघडावी लागली. क्रॉनिक म्हणजे जुनाट, आत्ती! तीन महिन्यांच्या वर टिकलेलं. बास, एवढंच. जुनाट म्हणायला त्या डॉक्टरची जीभ झिजत होती का?

नॉर्मल ह्या शब्दावर मात्र मला हसू नाही आलं. तुमचा पहिला एक्स-रे नॉर्मल आला होता. त्या नॉर्मलनं तुमचं जेवढं केलं तेवढं सायटिकानं केलं नाही. धाकट्या जाऊबाई भरल्या घरात म्हणाल्या, रिपोर्टात काही नाही तर दुखतं कुठं? तुम्ही ऐकलंत आणि पाण्याची घागर उचललीत. काल मी ते विचारलं. बाई म्हणाली, एक्स-रेत हाड दिसतं, नस दिसत नाही, आणि दुखणं तर कुठल्याच फोटोत येत नाही. कुणाचा रिपोर्ट लय खराब असतो आणि माणूस ऊस तोडत असतो. कुणाचा चांगला असतो आणि त्याला कूस बदलता येत नाही. हे वाक्य मला तुमच्या हयातीत मिळालं असतं तर जाऊबाईंच्या दारात उभी राहून वाचलं असतं.

एवढं सगळं कळलं, आता मूळ गोष्ट सांगते.

मला ऑपरेशन नको म्हणाली. व्यायाम सांगितले, ते करायचेच. त्याच्या जोडीला एक इंजेक्शन घेऊन बघता येईल, मणक्याजवळ, दबलेल्या नसेची सूज उतरायला. कुणाला काही महिने आराम पडतो, कुणाला थोडा, कुणाला काहीच नाही. सक्ती नाही. विचार करा आणि गुरुवारी सांगा. मग तिनं सहज विचारलं, "तुमच्या घरात आधी कुणी घेतलंय का हे?"

मी म्हणाले, सासूनं. मिरजेतच, दुसऱ्या दवाखान्यात.

"त्यांना किती फरक पडला?"

मी तोंड उघडायच्या आधी तुमचा लेक बोलला, "लय फरक पडला. चार दिवसांत द्राक्षबागंत कामाला हुती."

"तुमाला काय ठावं?" मी म्हणाले. "तुमी दिवसभर कुपवाडला."

"आई सोता सांगायची की."

"काय सांगायची?"

तो खाली बघून म्हणाला, "बरं हाय म्हनायची."

डॉक्टरीणबाई आमच्या दोघांकडं बघत राहिली. एवढे इंग्रजी शब्द तिनं सोडवून दिले, पण हा तिला सुटणारा नव्हता. मलाही नाही.

कारण मी काय बघितलं ते तुम्हाला माहीत नाही. इंजेक्शननंतर तुम्ही चुलीपुढं पाटावर मांडी घालून बसलात. वर्षभरात तशा बसला नव्हता. भाकरी थापत होता आणि मला म्हणालात, "बगत काय हुबी ऱ्हायलीस, मीठ दे." मी मीठ दिलं आणि मागं जाऊन पदर डोळ्याला लावला. एवढं बरं वाटलं मला. आणि त्याच आठवड्यात, बागेत, क्रेटच्या थप्पीमागं तुम्हाला बघितलं. कपाळ क्रेटवर टेकलेलं, पदराचा बोळा दातात. माझी चाहूल लागल्याबरोबर बोळा काढलात आणि म्हणालात, "ऊन लागलं जरा." ढग आले होते त्या दिवशी!

ह्यातलं खरं कुठलं? पाटावरचं का थप्पीमागचं?

तुम्ही का बोलत नव्हता ते मला कळतं. द्राक्षाचे घड विरळायला बायकांची टोळी भरायची म्हणून मुकादमीण पहाटे दारात यायची, "आत्ती, जमंल का?" जी बाई दुखतंय म्हणाली तिचं नाव दुसऱ्या दिवशी कुणी घेत नव्हतं. बरं हाय म्हटलं की टोळीत जागा. ते ठीक. पण डॉक्टरसमोर? त्यानं विचारलं, आजी, शून्य ते दहा, किती दुखतं? तुम्ही म्हणालात, मला आकडं येत न्हाईत. द्राक्षांच्या पेट्या मोजताना व्यापाऱ्याला एक पेटी सोडली नाहीत कधी! मी मधे पडून नऊ म्हणाले, तर एसटीत सांगलीपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. उतरताना म्हणालात, "परक्या माणसाम्होरं माजं दुखनं उगडं पाडलंस." काय नागडं केलं होतं का मी तुम्हाला? दुखणंच होतं ना ते?

मंगलनं काल परत सुरू केलं. म्हणे, तुझी सासू त्या सुईनंच गेली. मी ते डॉक्टरीणबाईला विचारून आले होते. सुई आणि तुमचं जाणं, मधे वर्ष गेलं, छातीचा त्याच्याशी संबंध नाही. मंगलला तसं तोंडावर सांगितलं. पण रात्री कूस बदलताना तिचंच बोलणं कानात येतं. शिकलेलीचं विसरते आणि मंगलचं आठवतं, असं आहे माझं डोकं.

मला घाई का आहे तेही सांगते. रूपालीला आठवा लागला. पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला येते. पहिलटकरीण. बाळाला न्हाऊ कोण घालणार? पाय लांब करून मोरीत बसायचं, बाळ नडगीवर पालथं घ्यायचं, वाकून पाणी घालायचं. रूपालीला तुम्ही घातलंत, मला हात लावू दिला नाहीत. आता ती म्हणते, आई, बाई लावू पाहिजे तर. मी ओरडले तिच्यावर. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन पाय लांब करून बसून बघितलं. उठवायला तुमच्या लेकाला बोलवावं लागलं.

एकाला लागू पडलं म्हणून दुसऱ्याला पडेलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईनं मला दोनदा सांगितलं. मला समजलं. पण सुई घेतलेलं माझं असं माणूस एकच होतं, आणि ते खोटं बोलणारं निघालं. मग मी विचारू कुणाला?

आत्ती, एक शब्द देते. तुम्ही काय सांगाल ते माझ्यापाशी राहील. तुमच्या लेकाला कळू देणार नाही. लय फरक पडला होता असं त्याला वाटतं, त्याला तसंच वाटू दे. जाऊबाईंना नाही, मंगलला नाही, डॉक्टरीणबाईलासुद्धा नाही. तुमचं दुखणं परत कुणापुढं उघडं पडणार नाही.

पण मला गुरुवारी तिला हो की नाही सांगायचं आहे. बुधवारी रात्री स्वप्नात या, त्याच्या पुढं ढकलू नका. आणि बोलू नका, तुमच्या बोलण्यावर माझा भरवसा नाही. चुलीपासून मोरीपर्यंत एकदा चालून दाखवा. भिंत धरायची नाही. मी बघते आणि काय ते समजते.

तुमची सून,
शालन