गोड सोडा

प्रिय ठमे,

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. एकदा तू लिहिलंस ते कळावं म्हणून, आणि एकदा तू लिहिलं नाहीस ते सापडावं म्हणून. तुझी लहानपणापासूनची खोड मला ठाऊक आहे. जे महत्त्वाचं, ते तू कडेच्या कोऱ्या पट्टीत उभं लिहितेस, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं. या खेपेला तिथे लिहिलं आहेस, 'टाचेला चप्पल लागली होती, जखम अजून ओली आहे, पण विशेष काही नाही.' आणि त्याखाली, 'डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागू नकोस ताई, मला काय धाड भरलीय?' बरं बाई, नाही लागत मागे. फोनवर बोलायला गेलं की तू 'हो हो, बरं बरं' करत माझ्याच गुडघ्यांवर घसरतेस, म्हणून कागद घेतला. उपदेश करणार नाही. आमच्या घरात चोरी झाली, तिची हकिगत सांगते. साखर चोरीला जात होती.

त्याआधी यांचं सांगायला हवं. आमच्या पेंटरसाहेबांच्या पाट्या तू पाहिल्या आहेस. दुकानाची असो की वकिलाची, अक्षरांच्या डोक्यावरची रेघ म्हणजे ताणलेली दोरी. ती रेघ ते शेवटी ओढतात, एका दमात, श्वास धरून. तर मागे एका चपलांच्या दुकानदाराने खालून ओरडून विचारलं, "पेंटर, पाटी तिरकी बसवलीत की काय?" पाटी सरळच होती. रेघेला पोक आलं होतं. यांनी आधी ब्रशला शिव्या घातल्या, मग शिडीला, मग उन्हाला. घरी आल्यावर मलाही थोड्या मिळाल्या. पण पुढच्या पाटीवरही तेच झालं, तेव्हा गुपचूप गेले डॉक्टरीणबाईंकडे. निघाली साखर. बरीच जुनी, आणि तिने डोळ्यांच्या आतल्या बारीक शिरांना हात घातलेला. बाई म्हणाल्या, "काका, आत्ता आवरलीत तर आहे ती नजर राहील. नाही आवरलीत तर ब्रश खुंटीला." त्या दिवशी घरी येऊन हे बूट न काढता खुर्चीत बसून राहिले. मी पुसलेल्या फरशीवर बुटांचे ठसे, आणि मी काही बोलले नाही. यावरून काय ते ओळख.

आता यातली गंमत ऐक. बाईंनी यांनाच सांगितलं, दवाखान्यासाठी एक पाटी करून द्या, मोठ्या अक्षरात, पेशंटांना लांबून दिसेल अशी. मजकूर: 'गोड सोडा'. यांनी जीव ओतून केली. निळ्यावर पांढरं. दुसऱ्याच दिवशी एक आजोबा कंपाउंडरला विचारतात, "हा गोड सोडा थंडगार आहे ना? दोन बाटल्या बांधून द्या." कंपाउंडर हसून हसून खाली बसला. बाई म्हणाल्या, काका, मधे 'खाणे' घाला. घातलं. 'गोड खाणे सोडा'. पण 'गोड' बसलं वर एकटं आणि 'खाणे सोडा' खालच्या ओळीत, ठळक. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "चला घरी. खाणंच सोडायचं तर यांची औषधं तरी कशाला?" तिसऱ्या मजकुरासाठी पाटी पुसून घरी आली आणि आमच्या दाराआड उभी राहिली. हे म्हणाले, "शब्दच चुकतोय. 'सवय मोडा' लिहू?"

मला तो शब्द काही पटेना, आणि का पटेना याचा मला चाळाच लागला. मी मॅट्रिक झालेली बाई, व्याकरण विसरले, पण कानाला कळतं ना. सवय बघ कशी लागते, भूक लागते तशी, डोळा लागतो तसा, न विचारता. आणि जाताना मात्र ती मोडायची म्हणे, हाडासारखी. पण मोडलेलं हाड जुळून येतं गं. यांनी सिगारेट किती वेळा मोडली आणि किती वेळा जुळून आली, तुला आठवतं. शेवटी गेली ती मोडल्यामुळे गेलीच नव्हती, हे मला आत्ता कळलं. कसं कळलं? मी यांना काम करताना बघत बसले. इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते; डबा द्यायचा आणि परतायचं. पाहते तर काय, अक्षरं रंगवताना तोंड रिकामं, आणि डोक्यावरची रेघ ओढायची वेळ आली की हात खिशात. गोळी. लिमलेटची गोळी गालात सरकवायची, श्वास धरायचा, रेघ ओढायची. सिगारेटच्या जागी गोळी येऊन बसली होती, आणि दोघींचं काम एकच, रेघेपुरता श्वास धरून ठेवणं. म्हणजे यांना गोड नकोच होतं! दातांत धरायला काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, तो बारका कोरडा ब्रश आडवा धरा दातांत. आधी म्हणाले, मी काय घोडा आहे लगाम चावायला? पण धरला. आता रेघेला तोच धरतात. गोळ्या सुटल्या, न मोडता. गाठ सुटते तशा, टोक सापडल्यावर.

मी खूश. देवापुढे बसून आभार मानले. आणि तिथेच कोड्याला सुरुवात झाली.

यांच्या चहातली साखर बंद, गोळ्या बंद, गोड पाव बंद. म्हणजे साखरेची बरणी टिकायला हवी की नाही? माझा हिशेब तुला माहीत आहे, देवाचं नाव आणि घरातला जिन्नस, दोन्हींत खाडाखोड नाही. पण बरणी पूर्वीसारखीच तळ गाठत होती. मला वाटलं, मुंग्या. बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवली. मुंग्या पोहत असतील म्हणून पाण्यात मीठ टाकलं. तरी खाली जातेच. मग संशय अर्थातच पेंटरसाहेबांवर. मी त्यांच्याच खडूने बरणीच्या काचेवर खूण करायला लागले. रोज माझ्या एका चहाचं वजा करून बघायचं, आणि रोज साखर खुणेच्या खाली! हे स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तरी मी पाठोपाठ. यांनी विचारलं, "काय गं, माझ्यावर पुन्हा प्रेम बसलं की काय?" मी म्हटलं, "त्या वयाच्या गोष्टी सोडा." "गोड सोडा?" म्हणाले, आणि एकटेच हसत बसले. मला मात्र वाटत होतं, किती सफाईने खोटं बोलतो हा माणूस. आणि डोळे जायचे आहेत ते याचेच!

एक चांगली गोष्ट तेवढी घडत होती. माझा चहा फार फक्कड होत होता. मी म्हटलं, दूधवाल्याला देवाने सद्बुद्धी दिली.

शेवटी यांच्या पुढच्या तपासणीला मी बरोबर गेले, चांगली तक्रार घेऊन. बाईंसमोर खुर्चीत बसले आणि म्हटलं, डॉक्टर, यांना जरा खडसवा, चोरून साखर खातात. बाईंनी यांचा कागद पाहिला, उलटा करून पाहिला, म्हणाल्या, "काकू, काकांची साखर छान उतरली आहे. इतकी चोरून खाऊन उतरत नाही." हे माझ्याकडे बघतात, मी छताकडे. मग बाईंनी इतक्या साधेपणाने विचारलं, "मग साखर जाते कुठे, काकू? चहा कसा करता तुम्ही, सांगा बघू." मी सांगायला लागले. दोघांचा चहा ठेवते. यांचा कप आधी काढते, बिनसाखरेचा. मग पातेल्यात साखर घालते. "किती?" म्हणाल्या. मी तोंड उघडलं आणि ठमे, माझा हातच माझ्यापुढे आला. हात घालत होता दोघांची! इतकी वर्षं जी घातली तीच. आणि ती सगळी उतरत होती माझ्या एका कपात. दूधवाल्याची सद्बुद्धी ती हीच.

बाई थांबल्या नाहीत. "काकांच्या उरलेल्या लिमलेटच्या गोळ्यांचं काय केलंत?" आता पैसे टाकून आणलेली वस्तू कचऱ्यात घालायची का? दुपारी भांडी आवरल्यावर एकेक तोंडात टाकून संपवल्या. "आणलेला गोड पाव?" संपवला. "काकांनी भात कमी केला, पातेल्यात उरतो तो?" मी पदर सारखा केला. हे म्हणाले, "हिच्या घरात उरत नाही काही. अन्न टाकणं पाप आहे." हसून म्हणाले गं, कौतुकाने. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझं बोट हातात घेतलं. मी म्हटलं, मला कशाला टोचता, मला काय धाड भरलीय?

तुझंच वाक्य. किंवा आपल्या दोघींचं. खरं म्हणजे आपलंही नाही ते.

माझी साखर यांच्या वेळच्या आकड्याच्या फार मागे नव्हती. फिर्यादी म्हणून गेले आणि आरोपी होऊन आले. परतताना हे माझ्या बाजूने चालत होते, रस्त्याच्या कडेला मला घालून, आणि एक अक्षर चिडवलं नाही. मी मात्र वाटभर विचार करत होते, भीतीपेक्षा नवलच जास्त. यांची सिगारेट वाईट नाव घेऊन आली होती, म्हणून घराने ती दारातच ओळखली. माझी सवय चांगलं नाव घेऊन आली. काटकसर म्हणून आली, पुण्य म्हणून आली, तिला मी पाट मांडून बसवलं. डोळे फसले ते इथे. आठवतं, सगळ्यांचं जेवण झालं की आई आपल्या दोघींना बोलवायची, "या गं माझ्या ताटपुसण्या!" आणि आपण खरवडून, बोटाने निपटून सगळं चकचकीत करायचो. शाबासकी मिळायची. ती आपली शाळा. तिथे आपण दोघी पहिल्या यायचो.

देवाशीही बोलले मी यावर. म्हटलं, टाकलं तर तुझा राग, खाल्लं तर शरीराचा. उत्तर कसलं येतंय. पण सकाळी उठल्यावर सुचलं की पाप टाकण्यात असेल तर ते जास्त शिजवण्यातच सुरू होतं. आता लहान पातेलं काढलं आहे. चहाला साखर मोजायला डावा हात वापरते. त्याला जुनं काही पाठ नाही. पहिल्या दिवशी चमचा बशीत सांडला, हे म्हणाले, "नवीन कामगार ठेवलास वाटतं." हल्ली जेवण झालं की दोघं बाहेर पडतो, आणि हे सगळ्या जुन्या पाट्यांच्या रेघा तपासत चालतात. उगाच कुणाच्याही दुकानासमोर थांबतात. लोकांना वाटतं, गिऱ्हाईक आलं.

दाराआडची पाटी शेवटी रंगवली. यांनी मला न सांगता केली. मी पुढच्या खेपेला दवाखान्यात गेले तेव्हा भिंतीवर पाहिली. 'सोडा' नाही, 'मोडा' नाही, हुकूमच नाही त्यात. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच: 'तुमच्या घरात उरलेलं कोण संपवतं?' डोक्यावरची रेघ जवळजवळ सरळ. मी बाकावर बसून येणाऱ्या बायकांकडे बघत होते. वाचतात, शेजारणीला कोपराने ढोसतात, हसतात, मग हसू हळूहळू ओठांवरून उतरतं. एक तर उठून पाटीच्या जवळ गेली आणि पुन्हा वाचून आली.

तर ठमे, ही चोरीची हकिगत. आता तुझ्या पत्राकडे येते. पत्राच्या मधल्या पानावर तू मोठ्या तोऱ्यात लिहिलं आहेस, नातवंडं अर्धं टाकून उठतात, पण उरलंसुरलं संपवायला मी आहेच की. आणि कडेला उभ्या ओळीत टाच. दोन गोष्टी दोन ठिकाणी लिहिल्यास, मी त्या एकाशेजारी एक ठेवून वाचल्या. आईच्या पायाचं आपण कधी बोलत नाही. तिचं बोट काढलं, मग पाऊल, मग ती उठलीच नाही, आणि आपण लोकांना सांगत राहिलो की वय झालं होतं. सुरुवात कशी झाली होती, ते मात्र आपण दोघींनी ऐकलं आहे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून, हातात खरवडलेलं पातेलं, ती म्हणाली होती, "डॉक्टर कशाला? चप्पल लागलीय नुसती. मला काय धाड भरलीय?" म्हणून सोमवारी पहिल्या गाडीने मी येते आहे. चहा ठेवू नकोस, माझ्यासाठीही नाही. रक्त उपाशीपोटी देतात, आणि मी वाटेत काही खाणार नाही. आपण दोघी जाऊ. तू पुढे बोट कर, मी तुझ्या मागे. परत येऊन लहान पातेल्यात चहा करू, आणि साखर तू घाल, डाव्या हाताने.

तुझीच,
ताई

(कडेला उभ्या ओळीत)
तोवर टाच उघडी ठेवू नकोस, अनवाणी फिरू नकोस. आणि रविवारी रात्री पातेलं भिजत घाल. खरवडू नकोस.