आईचं दुपारचं ध्यान

मखमलाबाद, जि. नाशिक
३० जून १९९९

ती. छायाताई यांस,
सुवर्णाचा सा. न. वि. वि.

आई दुपारी खताच्या खोलीत दार लावून ध्यानाला बसतात ते ध्यान नाही. दोन ते पाच त्या टीव्हीवर व्हिडिओ गेम खेळतात. काल, मंगळवारी, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि संध्याकाळी खुद्द आईंनी ते कबूल केलं. तेव्हा शेजारच्या धोंडाबाईंनी माझे कान भरले असतील, असं मनात आणू नका.

मी अजून सावरलेले नाही. काल दोनदा भाकरी करपली. शेवंतीवर मावा पडलाय, म्हणून तुमचे बंधुराज फवारणीचा डबा मागत होते. डबा खताच्या खोलीत. ओट्यावर नेहमीप्रमाणे दोन बाया हात जोडून, आतल्या ध्यानाच्या दिशेनं तोंड करून बसलेल्या. त्यांच्यासमोरून कसं जाणार, म्हणून मी मागच्या दारानं गेले. आत आई पाटावर बसलेल्या, डोक्यावर पदर, पुढं आवाज बंद केलेला आपला जुना काळा-पांढरा टीव्ही, आणि हातात यांनी दिवाळीत स्वतःसाठी आणलेल्या गेमचा रिमोट. पडद्यावर रणगाडे. मी हाक मारली तर मान न वळवता हातानं थांब म्हणाल्या. तो रणगाडा उडवला आणि मगच बघितलं. ताई, सात महिन्यांत त्यांचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता. मग मी कोण ते ध्यानात आलं आणि त्यांना रडू फुटलं.

मार्गशीर्षात भजनाला तुम्ही इथंच होतात. उजव्या कानात एकसारखा आवाज येतो, झांज वाजवून थांबल्यावर मागं उरतो तसा, असं त्या सहज बोलून गेल्या. त्यावर मठाचे भिमाजीबुवा कसे रडले, हा अनाहत नाद, आपण चाळीस वर्षं ज्याच्यासाठी बसलो तो या माउलीला माळा ओवताना मिळाला, असं म्हणून त्यांनी आईंच्या पायांवर डोकं कसं ठेवलं, ते तुम्ही पाहिलंत. त्यानंतरचं मात्र तुम्हाला सगळं ठाऊक नाही. नादात खंड पडू नये म्हणून बुवांनी घरात शांतता पाळायला सांगितली. रेडिओ माळ्यावर गेला, टीव्ही खताच्या खोलीत. मिक्सर बंद, चटणी वाटायला मी धोंडाबाईंकडं जाते. बाया लेकरं घेऊन येतात आणि त्यांचा कान आईंच्या कानाला लावतात. आता गुरुपौर्णिमेपासून आईंना अकरा दिवस मठाच्या आतल्या खोलीत, कानात कापूस घालून, मौनात बसवायचं ठरलंय.

आणि आई काल म्हणाल्या की तो आवाज त्यांना नकोच आहे. रात्रंदिवस छळतो. फक्त गेम खेळताना त्याचा विसर पडतो.

तुमच्या बंधुराजांना सांगितलं तर त्यांनी पहिलं विचारलं की आई कितव्या लेव्हलला आहे. मी म्हटलं, बावीस. त्यांची मजल नऊच्या पुढं कधी गेलेली नाही.

फोन ओट्यावर आहे, तिथं सगळे ऐकतात, म्हणून पत्र. काय करायचं ते लवकर कळवा. अक्षराकडं बघू नका, माया मात्र आहे तशीच असू द्या.

आपली,
सुवर्णा


मनमाड
४ जुलै १९९९

चि. सौ. सुवर्णा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत उघडलं आणि पुढचा तास घ्यायचा राहूनच गेला. मुलांनी वर्गात बाजार मांडला होता आणि मी स्टाफरूममध्ये तेच पान तिसऱ्यांदा वाचत होते. खरं सांग, तू थट्टा तर करत नाहीस ना? आईनं जन्मात पत्त्यांना हात लावला नाही. आम्ही सागरगोटे खेळलो तरी ती ओरडायची. ती रणगाडे उडवते?

तुला कदाचित मी कठोर वाटेन, पण माझी अडचण समजून घे. आमच्या सासूबाई, रंगूबाई, चौदा वर्षं मला फुलवाल्यांची म्हणून हाक मारत आल्या. आपल्या ओट्यावर पाय ठेवायला त्यांना जड जायचं. मार्गशीर्षापासून मी माउलींची लेक झाले. मे महिन्यात त्या आपल्याकडं आल्या, आईच्या हातची भाकरी खाल्ली, निघताना वाकल्या. गाडीत बसल्यावर मी तोंड फिरवून रडले होते, तुझ्या लक्षात आलं नसेल. गुरुपौर्णिमेला त्या गल्लीतल्या अकरा जणींना घेऊन येणार आहेत, जीपसुद्धा ठरलीय. शाळेतही मी सगळ्यांना सांगून बसले आहे. आता कोणत्या तोंडानं सांगू, की माझी आई दार लावून गेम खेळते?

तेव्हा सध्या एवढं कर. तो गेम काढून कपाटात ठेव आणि किल्ली भारतकडे दे. अकरा दिवस नीट पार पडू देत, मग बघू. कानात आवाज आला म्हणून कोणी मरत नाही. म्हाताऱ्या माणसांना काही ना काही होतंच. आणि भारतला सांग, आईशी शर्यत लावायची नाही.

मी रागावले आहे असं समजू नकोस. मला धक्का बसलाय, आणि धक्का बसला की मी हुकूम सोडते हे तुला माहीतच आहे. तुझा लोभ त्यातूनही टिकेल अशी खात्री आहे.

तुझी,
छायाताई


मखमलाबाद
८ जुलै १९९९

चि. सौ. छाया हिस,
आईचे अ. आ.

तुझं पत्र सुवर्णानं मला वाचून दाखवलं. ती नकोच म्हणत होती, मीच वाचायला लावलं, म्हणून तिला बोलू नको. मला चौथीपर्यंतच येतं, चुका पोटात घाल.

तू सांगितलंस तसं भारतनं गेम कपाटात ठेवला. दोन दिवस झाले. काल भर दुपारी मी विहिरीवर गेले आणि काठावर बसून राहिले. भारत शेतातून धावत आला आणि माझा दंड असा धरला की अजून काळानिळा हाय. त्याला वाटलं ते माझ्या मनात नव्हतं. पाण्याची मोटर चालू असली की कानातला आवाज थोडा दबतो, म्हणून मी तिथं जाते. पण पोराचं तोंड बघवत नव्हतं. मग मलाच भ्या वाटलं, की आज नव्हतं मनात, अकरा दिवस त्या बंद खोलीत काढल्यावर काय असेल.

तो आवाज गोड नाय छाया. मंडळी समजतात तसा नाय. खिळ्यानं ताट खरवडावं तसा हाय, आणि घर गप झालं की तो मोठा होतो. सगळ्यांनी माझ्यासाठी घर गप केलं. जप केला, पोथी ऐकली. पण माळ ओढताना बोटं आपोआप चालतात आणि मन कानाकडं जातं. एकदा भारत खेळत होता, मी नुसती बघत बसले. खेळ संपला तेव्हा कळलं, इतका वेळ मी आवाज ऐकलाच नव्हता. तो बंद नव्हता झाला, माझंच ध्यान नव्हतं त्याच्याकडं. त्या खेळात एक पाखरू असतं, त्याला विटांचं कुंपण, आणि चारी बाजूंनी रणगाडे येतात. जरा मन हललं की पाखरू गेलंच. म्हणून मन हलत नाय. लाइट जाते त्या दुपारी मी डोकं धरून बसते आणि बाहेरच्या बाया म्हणतात, आज समाधी लय खोल लागली.

आणखी एक, ते सुवर्णालाबी सांगितलं नव्हतं. उजव्या कानानं आता कमी ऐकू येतं. फोन मी डाव्या कानाला लावते. शेवंतीच्या वाफ्यात दोनदा तोल गेला.

मी आधी का नाय बोलले? बुवा ऐंशी वर्षांचे. त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं, त्यांना काय सांगू? आणि तुझ्या सासूबाई जेवायला बसल्या तेव्हा तू वाढत होतीस. तुझ्याकडं बघितलं आणि म्हटलं, राहू दे, वाजतंय तर वाजू दे.

तू म्हणशील तर अकरा दिवस बसते. पण खरं विचारशील तर मला बसवू नका. लेकीची माया पत्रातून कळते, तेवढी धाडत जा.

तुझी आई,
सुलाबाई


मनमाड
१२ जुलै १९९९

ती. आईस,
छायाचा शि. सा. न.

तुझं पत्र मिळाल्यापासून मला माझंच पत्र आठवतंय. कानात आवाज आला म्हणून कोणी मरत नाही, असं मी लिहिलं आणि तुला ते वाचून दाखवलं गेलं. ते वाक्य मला परत घेता येत नाही.

भारतला म्हणावं, हे पत्र वाचून होण्याआधी कपाट उघड. तू दिवसभर खेळ, ओट्यावर बसून खेळ.

आमच्या शाळेत मुलांच्या तपासणीला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं. आधी त्या हसतमुखानं ऐकत होत्या. एकाच कानात आवाज, त्याच कानाला कमी ऐकू येणं आणि तोल जाणं, असं तिन्ही सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, की हे कधीपासून? मार्गशीर्षापासून, मी म्हटलं. नाशिकला कानाच्या डॉक्टरांकडे या आठवड्यातच न्यायला सांगितलंय. सुवर्णा, नाव आणि पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

सासूबाईंनाही मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता फुलवाल्यांची पुन्हा सुरू होणार. त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. आज सकाळी स्वतः जाऊन जीप रद्द करून आल्या आणि मला म्हणाल्या की मे महिन्यात आपणही त्या बाईच्या कानाला कान लावला होता, तेव्हा ती दचकली होती, आणि आपल्याला वाटलं होतं की तिच्या अंगात देव हलला. एवढं बोलून भाजी चिरायला बसल्या. सुरीही घेतली नव्हती.

आई, तू मला काहीही सांग, आधी सांग. मी त्या लायकीची व्हायचा प्रयत्न करीन.

तुझी,
छाया


मखमलाबाद
२० जुलै १९९९

ती. छायाताई यांस,
सुवर्णाचा सा. न. वि. वि.

शुक्रवारी डॉक्टरांकडे जाऊन आलो. आईंना काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानावर यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं. डाव्या कानाच्या वेळी आईंचा अंगठा भराभर चालला. उजव्याच्या वेळी आम्ही बाहेरून बघत होतो, तर डॉक्टर एकसारखे आवाज सोडत होते आणि आई बटणावर अंगठा ठेवून तशाच वाट बघत बसल्या होत्या. हे उठून बाहेर गेले.

उजव्या कानाचं ऐकणं निम्म्याहून जास्त गेलंय. डॉक्टर म्हणाले की कानामागच्या नसेवर बारीक गाठ असू शकते. ती कॅन्सरची नसते, पण वाढत जाते, म्हणून मुंबईला मोठ्या मशीनवर डोक्याचा फोटो काढायचा. निघालीच तर ऑपरेशन. गेलेलं ऐकणं बहुतेक परत येणार नाही आणि आवाजही राहील कदाचित. झोप कशी लागते, दिवस कसा जातो, असं त्यांनी विचारलं तेव्हा आईंनी पदर तोंडाला लावून गेमचं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाले की मावशींनी त्यांचा उपाय स्वतःच शोधलाय, मन गुंतवायला दुसरंही काही चालेल, फक्त यांना शांततेत ठेवू नका. रेडिओ बारीक चालू ठेवा, पंखा ठेवा. अशा माणसाला शांत खोली सगळ्यात वाईट.

ताई, सात महिने आम्ही घरात पावलं न वाजवता चालत होतो. चमचा पडला तर मी आईंची माफी मागत होते.

रविवारी आम्ही दोघं मठात गेलो. बुवांना वाटलं, अकरा दिवसांच्या बैठकीचं विचारायला आलोत. यांनी सगळं सांगितलं. बुवांनी तीनदा तेच विचारलं, की नाद नव्हे, आजार? आणि तीनदा यांनी हो म्हटलं. मग बुवा म्हणाले की मला तो ऐकायची इतकी ओढ होती, की मी तिच्या दुखण्याला देव म्हणालो. आणि विचारलं, की मार्गशीर्षातच डॉक्टरकडे नेलं असतं तर कान वाचला असता का? हे स्वतःच्या चपलांकडं बघत राहिले. बुवांना उत्तर कळलं.

मठाची व्यवस्था बघणारे कारभारी मात्र भडकलेत. पत्रकं वाटून झालीत, गावोगावची माणसं येणार, आणि डॉक्टरला नादातलं काय कळतं, असं त्यांचं म्हणणं. आईंना आतल्या खोलीत बसवणारच, असं ते काल ओट्यावर येऊन सांगून गेले. आईंनी त्यांना रेडिओ जरा मोठा करायला लावला.

आता पुढचं. सोमवारी, सव्वीसला, सकाळी नऊला मुंबईत फोटो आहे. आम्ही रविवारी दुपारी निघू. रिपोर्ट मंगळवारी संध्याकाळी मिळेल आणि त्याच रात्रीच्या गाडीनं परत. बुधवारी गुरुपौर्णिमा. त्या दिवशी सगळ्या गावासमोर उभं राहून आपली चूक सांगणार, असं बुवांनी ठरवलंय. कारभारी त्यांना बोलू देतात की नाही, कोण जाणे. लोक सवयीनं पाया पडतील, म्हणून आईंनी येऊ नये असा बुवांचा निरोप होता. आई म्हणाल्या, रिपोर्ट काहीही येवो, त्या जाणार. पुढच्या रांगेत बुवांच्या डाव्या अंगाला जागा धरायला त्यांनी मला सांगितलंय. तिथं बसलं की त्यांचा डावा कान बुवांकडं होतो, आणि बुवा जे सांगतील ते त्यांना शब्दन् शब्द ऐकायचंय.

तुम्ही शनिवारीच या. लोभ पत्रानं पुरे झाला, आता समक्ष हवा.

आपली,
सुवर्णा