कानात बोटं घालून

५ मार्च
कानाच्या डॉक्टरांनी चिमट्याने कापसाचा बोळा बाहेर काढला आणि माझ्या नाकासमोर धरला. "हे बंद करा, बाई. बाहेरचे आवाज अडवले की आतला मोठा वाटणारच. पंखा लावा, रेडिओ लावा." बरं म्हटलं. मी मुद्दाम घालते, हे कुठल्या तोंडाने सांगू?

६ मार्च
पंखा लावला. कानातली शिट्टी खरंच मागे सरली. दहा मिनिटांत बंद केला. करमेना!

९ मार्च
निदान इथे तरी खरं लिहावं. कानात बोटं घट्ट घातली की शिट्टी वाढते, तिच्याखाली घरघर चढते — आणि मी पुन्हा कारखान्यात, यंत्रमागांच्या शेडमध्ये! चाळीस माग धडधडताहेत, समोरच्या मागावर लवंगी. एवढीशी बाई, पण तिखटजाळ, म्हणून लवंगी. त्या गोंगाटात ऐकू काय येणार, कप्पाळ! आम्ही ओठांवरच बोलायचो. अठरा वर्षं. मुकादमाची नक्कल, तिच्या सासूची गाऱ्हाणी, माझे हे गेले तेव्हाचं रडणं — सगळं ओठांवर. पाळी सुटली तरी कान बधिर, म्हणून तिची बस येईपर्यंत गेटवरही तसंच. कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज कसा आहे, मला ठाऊकच नाही.
तिची फार आठवण येते. बस्स. लिहिलं एकदाचं.

१४ मार्च
बाजारात आमचे जुने हजेरीबाबू भेटले. लवंगीचा नंबर दिला. "तिचेही कान वाजतात म्हणे," म्हणाले.

१५ मार्च
चारदा नंबर काढला, चारदा फोन ठेवून दिला. माझा हा बटणांचा फोन — त्यात ओठ कुठे दिसतात?

१६ मार्च
मेसेज धाडला — रविवारी येतेस? लगेच उत्तर — येते. संध्याकाळी मुलाचा फोन. "आई, आज एवढी खुशीत?" काही नाही रे, म्हटलं.

२२ मार्च
आली! केस सगळे पांढरे, हातात भलीमोठी बॅग. एका दुपारसाठी एवढी? आणि आवाज — बारीक, शाळकरी पोरीसारखा. मी खणखणीत धरून चालले होते. "कशा आहात?" म्हणाली. आणि मीही चक्क "बसा ना"! अठरा वर्षं अगं-तुगं केलेली लवंगी, आणि अहो-जाहो! तासभर ऊन, गुडघे, भाजीचे भाव. मला रडूच यायला लागलं.
शेवटी मी कानात बोटं घातली. ती बघत राहिली. मग तिनेही घातली. माझी घरघर चढली. तिचीही चढली असणार, चेहराच तसा झाला. तिचे ओठ हलले — "मेले, केवढी सुटलीस!" हसून हसून पोट दुखलं, पण बोटं दोघींनीही काढली नाहीत. मग तिने बॅगेकडे पाहिलं. तासभर जे बोलता आलं नव्हतं ते ओठांवर आलं — "मुलाच्या घरात मी नकोशी झालेय गं. तुझ्याकडे राहू?"

२३ मार्च
तिची बॅग कपाटात गेली. सकाळपासून ती स्वयंपाकघरात त्या बारीक आवाजात बडबडतेय, माझे डबे चुकीचे लावलेत म्हणून. दुपारी लक्षात आलं, शिट्टीकडे आज ध्यानच नाही. डॉक्टरांना सांगायला हवं — रेडिओ आणलाय. बंदच होत नाही!