पांढरीतला जळका शाळू

८ जानेवारी २००३, सकाळ
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, नात सुष्मिता लिहिणार. ती माझं ‘हाय’ खोडून ‘आहे’ करते, करू दे. हे कुणी वाचायचं नाही. मलाही वाचता येत नाही, म्हणजे एकदम सेफ.
संकल्प एकच. गडमुडशिंगीचं शेत जाऊ द्यायचं नाही. माझ्या लेकानं, शिवपुत्रानं, हुपरीच्या चांदीवाल्या पावण्याला शब्द दिलाय. प्लॉट पाडणार. माझ्या अंगठ्याशिवाय कागद होत नाही, पण नुसतं नको कसं म्हणायचं? कारण पाहिजे.
मालक जाऊन वर्ष झालं. तेव्हापासून रडू नाही, राग नाही, चहाला चव नाही. तब्येत उत्तम.

११ जानेवारी
कारण आलं. शेतात पांढरीचं टेकाड आहे, कधीकाळच्या गावाची राखट माती. तिथं पुण्याच्या कॉलेजची माणसं खणायला आलीत. तेजस्वी मॅडम म्हणून त्यांच्यातल्या मोठ्या बाई. सोनं शोधत नाहीत. माती पिंपातल्या पाण्यात ढवळतात आणि तरंगलेले जळके दाणे गाळून घेतात. जळका दाणा कुजत नाही म्हणे. त्यावरून कळतं, जुनी माणसं काय पिकवायची, काय बाजारात न्यायची, राजाला काय द्यायची. मी म्हटलं, आमच्याकडं हे काम चिमण्या करतात. मॅडम हसल्या. चांगल्या आहेत.

१४ जानेवारी, संक्रांत
जांभळाखाली काळा खड्डा लागला. आत जळका शाळू, थंडीतली ज्वारी, ओंजळीनं. मॅडम म्हणाल्या, जुना निघाला तर सरकारला कळवू, मग इथं बांधकाम होणार नाही. निघाला तर, म्हणाल्या. निघणारच.
शिवपुत्राला सांगितलं, राजाचं कोठार आहे, पावण्याला कळव. तो म्हणाला, अव्वा, तिथं अप्पा हुरडा भाजायचं की. मी म्हटलं, ती हुरड्याची आगटी जांभळाच्या पलीकडं होती. तो म्हणाला, पलीकडं ओढा हाय. पोरगं लहानपणापासून वाद घालतं.

१५ जानेवारी
सरकार आलं की अंगठा शोभणार नाही. सही शिकायला घेतली. ‘शां’ झालं. ‘तव्वा’ उद्या.

२१ जानेवारी
मॅडमना हुरड्याचं सांगावं काय? त्यांनी विचारलं नाही. आपण होऊन कशाला मधे बोलायचं? उद्या सांगते.

२२ जानेवारी
गुडघा दुखला. सांगणं राहिलं. सहीपण.

२ फेब्रुवारी
मॅडम कोड्यात. खड्ड्यात दाण्याबरोबर कणसाचा भुसाही आहे. कोठारात झोडपून साफ केलेला दाणा असतो, भुसा शेतावर राहतो. मी म्हटलं, राजाची माणसं आळशी असतील. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

९ फेब्रुवारी
आज भुईमुगाची जळकी टरफलं निघाली. मॅडम म्हणाल्या, आजी, शेंग आपल्याकडं जहाजातनं आली, अलीकडं. त्या जुन्या गावात शेंगा नव्हत्याच. खड्डा हल्लीचा आहे. इथं कोण काय भाजायचं?
मी म्हटलं, असेल कुणी वाटसरू.
मालक हुरडा भाजला की निखाऱ्यात मूठभर शेंगा टाकायचे, माझ्यासाठी. तेव्हा दात होते. टरफलं मीच विस्तवात फेकायची.
बाकी टेकाडात खापऱ्यांशिवाय काही नाही. त्यांनी खड्डे बुजवले. तो शाळू त्यांच्या उपयोगाचा नाही, टाकून देणार होत्या. मी मागून घेतला. प्लॅस्टिकच्या पिशवीत दिला.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
कचेरीत जाऊन आलो. शेताच्या कागदावर सही करते म्हटलं. साहेब थांबले, पावणे थांबले. ‘शां’ आलं, पुढं हात चालेना. अंगठा दिला.
शिवपुत्रानं रिक्षात विचारलं, अव्वा, वाईट वाटलं काय गं? न्हाय म्हटलं. खरंच काही वाटलं नाही.
घरी येऊन पिशवी उघडली. शाईच्या हातानंच एक दाणा तोंडात टाकला. नुसता कोळसा. सुष्मिताला म्हटलं, गोड लागला असं लिही. तिनं दोन्ही लिहिलं.