कडू पाण्यातलं ब्रोमीन

बाई, तुम्ही बदली होऊन गेलात तेव्हा मी सातवीत होते. आता आईची टोपली घेऊन बंदरावर जाते. नववीनंतर शाळा राहूनच गेली. कुणी सोडवली नाही, आईबरोबर मासे विकायला बसले ती बसलेच. पण विज्ञानाचा तुमचा तो एक तास अजून तसाच्या तसा डोळ्यांपुढे येतो.

तुम्ही आम्हाला मांडवीच्या किनाऱ्यावर नेलंत आणि शाळेतल्या खिचडीच्या टोपात समुद्राचं पाणी भरून आणलंत. खिचडीवाल्या मावशी चिडल्या, "माझा टोप खारट केलात तर उद्या पोरं बोंबलतील हो!" तुम्ही म्हणालात, "मी घासून देते." आणि खरंच, नंतर पदर खोचून स्वतः घासून दिलात.

पाणी उकळतंय. आटून आटून तळाला मीठ बसतं. आम्हाला वाटतं, झालं. तुम्ही मात्र मीठ बाजूला काढता आणि वर राहिलेलं घोटभर पाणी वाटीत ओतून घेता. आम्ही बोट बुडवून जिभेला लावतो तर कडूजहर. "मीठ सगळ्यांना दिसतं. ब्रोमीन नावाचं मूलद्रव्य या उरलेल्या पाण्यात आहे," तुम्ही सांगता. "मिठागरातलं मीठ उचलून झालं की असलंच कडू पाणी उरतं. त्यातनं कारखान्यात ब्रोमीन काढतात." कुणीतरी म्हणतं, "दाखवा ना बाई." तुम्ही हसता. "ते निसर्गात एकटं कुठे सापडतच नाही रे. कुणाला तरी धरूनच असतं. समुद्रात, खाऱ्या तळ्यांत, जमिनीखालच्या खारट पाण्यात. शेवाळात पण असतं. कोलंबीला समुद्राचा वास येतो ना, त्यातही त्याचा हात आहे."

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एकजण ओरडला, "बाई, मग ही पण ब्रोमीनच! वर्गात असते, पण दिसत नाय." बोट माझ्याकडे. सगळे हसले. मी मान खाली घातली. तुम्ही त्याला रागावला नाहीत. "हो का? मग जपून राहा बाबा. ते एकटं बाटलीत काढलं ना, की तांबडा धूर सोडतं आणि भल्याभल्यांच्या डोळ्यांतून पाणी काढतं." मग वर्ग त्याला हसला.

त्याच संध्याकाळी तुम्ही आईकडे कोलंबी घ्यायला आलात आणि तिलाही हेच सांगायला लागलात. आई घाबरली. "बाईनू, हळू बोला हो! कोलंबीत कारखान्याचं औषध आहे म्हणून गिऱ्हाईक पळेल माझं!" तुम्ही इतक्या हसलात की हातातली पिशवी पडली. मग तिथेच तिच्या शेजारी, ओल्या फळीवर बसलात आणि तिला समजेपर्यंत सांगत राहिलात. साडी भिजली त्याचं तुम्हाला काही नाही. मी नुसती तुमच्याकडे बघत होते.

आता आईचा पाय मोडलाय, ती घरी आहे. बंदरावर माल घ्यायचा तर लिलावात बोली लावायची, म्हणजे ओरडायचं. मी तोंड उघडेपर्यंत माल दुसऱ्या कुणाला गेलेला असतो. परवा मी रिकामी टोपली घेऊन आले. काल पण तेच. बाजारात तिची बसायची जागा अशीच रिकामी राहिली, तर दुसरी कुणीतरी बसणार आणि मग ती काय परत मिळत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

आज कोलंबीचा टप समोर आला. आकडे भराभर चढायला लागले. शेजारची मावशी म्हणाली, "अगो बोल की! देवळात आलीस काय?" आणि मला आठवलं, तुम्ही प्रश्न विचारून माझ्यासमोर कशा थांबायच्यात. बाकीची पोरं "मी सांगू, मी सांगू" करायची, तरी तुम्ही आपल्या थांबलेल्याच. मी हात वर केला आणि ओरडले. आवाज फाटला, लोक वळून बघायला लागले. पण बोली माझ्यावरच थांबली आणि टप मला सुटला.

"कोणाची गो तू?" लिलाववाल्या काकांनी विचारलं. बंदरावर असंच विचारतात. मी आईचं नाव सांगितलं.

खरं सांगू बाई? तोंडात आधी तुमचं नाव आलं होतं. आईला हे कधी सांगायची नाही. आणि तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, हा कागद कुठे पोचायचाच नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.