आईची नाडी ऐंशी

सोमवार

नवी नोकरी, नवा कोट आणि खिडकीजवळचं टेबल! जोखमीच्या बाळंतपणांचा वॉर्ड, खाटा सहा. आईच्या पोटावर पट्टा बांधायचा, वीस मिनिटं बाळाचे ठोके कागदी पट्टीवर उमटू द्यायचे, सही करायची. यंत्र इथल्या माणसांहून नक्कीच शहाणं आहे. थोरल्या सिस्टर मात्र पट्टा लावला की आईचं मनगट धरून वैद्यबुवांसारखे डोळे मिटतात. 'आईची नाडी' असा रकानाच आहे म्हणे. तीस वर्षं हेच करतात. गाढवही तीस वर्षं एकाच वाटेनं जातं.

बुधवार

थोरल्या सिस्टर रजेवर. सुटले बाई! सगळ्यांच्या रकान्यात ऐंशी लिहून टाकते. धडधाकट बाईची नाडी आणखी किती असणार? तीन नंबरच्या खाटेवरची मात्र डोक्याला ताप आहे. रक्तदाब चढलेला, आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. बाळानं लाथ मारली की वहीत रेघ ओढते, शाळेतल्या पोरीसारखी. तिची सासू तासातासाला येऊन विचारते, बाळ बरं आहे ना म्हणून. मग यंत्र कशाला ठेवलंय, शोभेला?

शुक्रवार

तीन नंबर म्हणाली, सकाळपासून एकही रेघ नाही. पट्टा लावला. ठोके एकशे अठरा, अगदी ठणठणीत. म्हटलं, बाळ झोपलंय, तुम्हीही झोपा. लिहिलं: बाळ ठीक, आईची नाडी ऐंशी. तिनं त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली, देवाचा अंगारा असावा तशी! अडाणीपणाला औषध नाही.

शनिवार

पुन्हा तेच रडगाणं, पुन्हा एकशे अठरा. मोठे डॉक्टर फेरीला आले, माझी सही पाहून पुढे गेले. सासूनं मला हात जोडले. मला हसू आवरेना.

रविवार सकाळ

थोरल्या सिस्टर परतल्या. आल्या आल्या तीन नंबरचं मनगट धरलं. यंत्राचा आवाज वाढवला. माझा हात ओढून बोटं त्या मनगटावर ठेवली.

यंत्रात ठोका, बोटाखाली ठोका. एकाच वेळी. प्रत्येक.

दोन दिवस यंत्र आईचीच नाडी बाळाची म्हणून —

दुपार

सोनोग्राफी झाली. बाळ गेलंय. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी कळलं असतं तर कदाचित हाती लागलं असतं. शुक्रवारच्या कागदावरच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं.

मी. दुसऱ्यांना गाढव म्हणणारी.

चार वाजता

तीन नंबरला पटत नाही. रक्तदाब आणखी चढलाय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. बाळ लगेच काढलं नाही तर झटके येतील, तीही जाईल. कुणाला हात लावू देत नाही. झेरॉक्स छातीशी धरून बसलीय. म्हणते, ताईंनी स्वतः मोजलंय. आई ऐंशी, बाळ एकशे अठरा. आकडे वेगळे आहेत, म्हणजे माझं बाळ आहे.

ऐंशी. माझे ऐंशी.

पट्टाही सोडू देत नाही. तिच्याच नाडीचा आवाज इथवर येतोय. एकशे तीस. एकशे चाळीस. आता तर अगदी बाळासारखा —

साडेचार

थोरल्या सिस्टर म्हणतात, ती फक्त तुझंच ऐकेल. सासू न्यायला आलीय. अजूनही ताईच म्हणते मला. दारातून तीन नंबर दिसतेय. मला बघून हसली. देवा, हसली —

जायचं आणि एवढंच सांगायचं, की नाडी मी कधी मोजलीच —